यमककोशातून तांग काळ ‘ऐकू’ येतो का?

अनुनासिक

यूट्यूबवर ‘तांगकाळच्या मूळ उच्चारात कविता’ अशा नावाचे व्हिडिओ आता ढिगाने सापडतात. कुणीतरी धीरगंभीर आवाजात तांगकालीन कवी दू मू म्हणतं, काही शब्दांच्या शेवटी प, त, क यांचे ठसके येतात आणि खाली लोक ‘हजार वर्षं मागे गेलो’ असं लिहितात. मला ते खटकतं. चिनी कविता शिकताना मीही जुन्या यमककोशांच्याच आधाराने वाचते, त्यामुळे हे अनादराने म्हणत नाहीये. पण हे उच्चार ज्या ग्रंथावर उभे आहेत, तो कुठल्याही एका शहराच्या बोलण्याची नोंद नाही, हे त्या व्हिडिओंत कुणी सांगतच नाही.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. चिनी अक्षर बघून उच्चार कळेलच असं नसतं, म्हणून तिथे यमककोश, म्हणजे यमकांनुसार अक्षरं लावलेले कोश, तयार झाले. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा ‘छिएयुन’. साल इ.स. 601, कर्ता लू फायान. अक्षरं आधी चार सुरांनुसार वाटलेली, मग 193 यमकांनुसार, आणि प्रत्येक समोच्चारी गटाचा उच्चार सांगायला दोन अक्षरांची जोडी. पहिल्या अक्षराचं आद्य व्यंजन घ्यायचं, दुसऱ्याचा उरलेला भाग आणि सूर घ्यायचा. या पद्धतीला फानछिए म्हणतात. ‘पूर्व दिशा’ या अर्थाच्या ‘दोंग’साठी जोडी आहे ‘द’ (सद्गुण) आणि ‘होंग’ (लाल). ‘द’मधला द, ‘होंग’मधलं ओंग, झालं ‘दोंग’. आज बीजिंगच्या उच्चारात हे करून बघा: ‘होंग’चा सूर चढता, ‘दोंग’चा सपाट. गणित सुटत नाही. कारण तेव्हा दोन्ही अक्षरं एकाच सम सुरात होती. पुढे आद्य व्यंजन घोष की अघोष, यावरून त्या सुराला दोन फाटे फुटले आणि ‘होंग’ दुसऱ्या फाट्यावर गेलं. म्हणजे कोश सांगतो ते नातं: याची सुरुवात त्याच्यासारखी, शेवट त्या तिसऱ्यासारखा. तो आवाज कानाला कसा लागायचा याबद्दल जोडीत अवाक्षर नाही.

आता लू फायानने प्रस्तावनेत स्वतः काय लिहिलंय ते बघा. वीसेक वर्षांपूर्वी, तांगच्या आधीच्या स्वेई राजवटीच्या आरंभी, त्याच्या घरी आठ विद्वान मुक्कामाला आले होते. रात्र चढली, मद्य संपत आलं आणि बोलणं उच्चारांवर आलं. वू आणि छू भागातले लोक फार हलकं बोलतात, यान आणि झाव भागातले फार जड. कुणी दोन यमकं एकच धरतो, कुणी वेगळी. दक्षिणेचं खरं की उत्तरेचं, जुनं की नवं, यावर खल झाला. बहुतेक निर्णय श्याव गाय आणि यान झिथुई यांनी दिले, आणि हे दोघे दक्षिणेच्या ल्यांग राज्यातून आलेले. शेवटी पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, शंका सगळ्या फिटल्या, आता लिहून का ठेवत नाहीस? आपण इतक्या जणांनी ठरवलं म्हणजे ठरलं. लू फायानने तिथेच मेणबत्तीच्या उजेडात टिपणं काढली.

याला मी निवाडा म्हणते. 706 साली वांग रेनश्यूने केलेली या कोशाची सुधारित आवृत्ती 1947 मध्ये बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात पूर्ण सापडली. तिच्यात यमकांच्या नावांखाली बारीक टिपा आहेत: अमक्या जुन्या कोशात ही दोन यमकं एक, तमक्यात वेगळी. त्या ओळीने वाचल्या की लू फायानची पद्धत दिसते. कुणा एकानेही भेद राखला असेल तर त्याने बहुतेक वेळा तो राखला. अशा बेरजेतून जे तयार होतं ते कुठल्याच एका तोंडात नव्हतं. पुरावा हवा असेल तर तांग काळातच आहे. इतकी बारीक यमकं पाळून कविता रचणं लोकांना जाचक व्हायला लागलं आणि श्यू जिंगझोंग (592–672) याने शेजारची यमकं एकत्र वापरायची परवानगी मिळवली. म्हणजे कोश होऊन शंभर वर्षंही झाली नव्हती आणि लिहिणाऱ्यांच्या कानाला ते भेद लागत नव्हते.

पुढे स्वीडनचा भाषाशास्त्रज्ञ बर्नहार्ड कार्लग्रेन चीनमध्ये गेला, बोलीभाषांचे नमुने गोळा केले आणि 1915 ते 1926 या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोशातल्या प्रत्येक चौकटीला आवाज दिला. हे काम प्रचंड होतं. पण त्याने छिएयुन ही तांगची राजधानी चांगआनची बोली धरली. ‘तांग काळात असं बोलत’ या आजच्या ठाम वाक्याची मुळं तिथे आहेत. माझा आक्षेप त्या वाक्याला आहे. प्रतिवाद जरूर करा.

घाटमाथा

धागा आवडला, पण निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही कोशाला एकटं उभं करून त्याची उलटतपासणी घेताय. संशोधन एकट्या कोशावर कधीच उभं नव्हतं. बाहेरचे साक्षीदार भरपूर आहेत आणि त्यातला सगळ्यात मोठा आपल्या ओळखीचा आहे: संस्कृत-प्राकृत शब्दांची चिनी लिप्यंतरं.

उदाहरण आपल्याच घरचं घेतो. ह्युएन त्संग दख्खनमध्ये येऊन गेला, आणि 646 मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांतात महाराष्ट्रावर एक प्रकरण आहे. पुलकेशीचं नाव त्यात आहे, इथले लोक उपकाराची आठवण ठेवतात आणि अपमानाचा सूड घेतात, हेही त्यात आहे. देशाचं नाव त्याने चार अक्षरांत लिहिलंय. आजच्या बीजिंगी उच्चारात ती चार अक्षरं वाचली तर येतं ‘मो-ह-ला-छा’. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तसंच छापलंय, आणि शाळेत ते वाचून ‘हा माणूस नक्की काय ऐकत होता’ असं मला वाटलेलं.

आता तीच चार अक्षरं यमककोशात शोधा. पहिली दोन: म आणि ह, दोन्हींचा स्वर ‘आ’च्या जवळचा. तिसरं अक्षर ‘ला’ हे प्रवेश सुराचं. प्रवेश सूर म्हणजे शेवटी प, त किंवा क येऊन झटकन बंद होणारी अक्षरं, हे ‘लात्’. चौथं, आजचं ‘छा’, कोशाप्रमाणे मूर्धन्य, अघोष, महाप्राण स्पर्श वर्गातलं. म्हणजे सरळ आपला ठ. जोडून बघा: मा-हा-लात्-ठा. र चिनीत नव्हता, त्याच्या जागी ल. हे प्राकृत ‘महारट्ठ’ आहे. ट्ठ या जोडाक्षराचा पहिला अर्धा भाग तिसऱ्या अक्षराच्या बंद शेवटाने दाखवलाय आणि दुसरा चौथ्या अक्षराच्या आरंभाने.

कोश 601 चा, प्रवासवृत्त 646 चं. कोश करणाऱ्याला महाराष्ट्र ठाऊक नव्हता आणि ह्युएन त्संग काही कोशाची परीक्षा घ्यायला निघाला नव्हता. दोन स्वतंत्र साक्षी एकाच जागी येऊन मिळतात. आणि तुम्ही म्हणता ते कुणाच्याच तोंडात नव्हतं?

अनुनासिक

उदाहरण अप्रतिम आहे. पण त्याने काय सिद्ध होतं ते मोजून बोलू या. त्याने सिद्ध होतं की ह्युएन त्संगच्या बोलण्यात मूर्धन्य स्पर्श होते आणि शब्दान्ती त् होता. यावर माझा वाद नाही. माझा वाद 193 यमकांवर आहे. ‘आ’ स्वराच्या आसपासची जी पाच-सहा यमकं कोश वेगळी ठेवतो, ती सगळी त्याच्या तोंडात वेगळी होती का, हे या चार अक्षरांतून कळत नाही. शिवाय तो वाढला लोयांगच्या परिसरात. ‘तांग काळाचा उच्चार’ म्हणून राजधानीचा उच्चार सांगितला जातो, त्याचं काय?

पूर्वरंग

यातला भारतीय धागा अजून ठळकपणे यायला हवा. यमककोशांनंतर आले ते यमकतक्ते. त्यातला ‘युनजिंग’ सगळ्यात प्रसिद्ध: 43 तक्ते, 1161 ची प्रस्तावना. चीनमधून तो नाहीसा झाला होता, जपानमध्ये जपला गेला आणि 1884 मध्ये छापील रूपात चिनी अभ्यासकांपुढे परत आला. या तक्त्यांत आडव्या ओळीत आद्य व्यंजनं मांडलेली असतात: ओठांची, जिभेची, दाढांची, दातांची, कंठाची. आणि प्रत्येक गटात क्रम असा: अघोष अल्पप्राण, अघोष महाप्राण, घोष, अनुनासिक. ओष्ठ्य गट वाचून दाखवतो: प, फ, ब, म. फक्त भ नाही, कारण चिनीत तो नव्हता. ज्याने शाळेत पाटीवर पफबभम गिरवलंय त्याला हा तक्ता शिकवावा लागत नाही. बाराव्या शतकातला झंग छ्याव तर स्वतः लिहितो की ही विद्या पश्चिमेकडून, म्हणजे आपल्या दिशेने, आली. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमाला नेली नसती तर चिन्यांना स्वतःच्या भाषेचे आवाज मोजताच आले नसते.

तिसरी घंटा

@पूर्वरंग, अर्ध्याच वाक्याशी सहमत. वर्णांची स्थानं आणि प्रयत्न यांनुसार मांडणी करण्याची दृष्टी भारतातून गेली, हे चिनी परंपरा स्वतः मान्य करते. तुनह्वांगच्या हस्तलिखितांत शौवेन नावाच्या भिक्षूची 30 आद्य व्यंजनांची यादीच सापडली आहे. पुढे ती 36 झाली. पण शेवटचं वाक्य ओढूनताणून आणलंय. सुरांची विभागणी संस्कृतात नाही, ती त्यांनी केली. अक्षराचे आरंभ आणि शेवट असे दोन भाग करून जोडीने उच्चार सांगणं तक्त्यांच्या कितीतरी शतकं आधीचं आहे. तक्त्यांमधल्या उभ्या चार श्रेणींना तर भारतात जोडच नाही, त्या नेमकं काय दाखवतात यावर आजही डोकेफोड चालू आहे.

आणि आधारच लागतो असंही नाही. ग्वांगतोंगच्या छन ली या माणसाने 1842 मध्ये तक्ते बाजूला ठेवले आणि फक्त फानछिएच्या जोड्या घेऊन साखळ्या लावल्या. समजा क, ख, ग ही कुठलीही तीन चिनी अक्षरं: क चा आरंभ सांगायला ख वापरलं, ख चा सांगायला ग, तर तिघांचा आरंभ एक. अशा साखळ्या जोडत तो 40 आद्य व्यंजनवर्गांवर पोचला. तक्त्यांतल्या 36 शी ते जुळत नाहीत, कारण तक्ते नंतरच्या काळाचा उच्चार दाखवतात. एकही आवाज न ऐकता, एकही परदेशी वर्णमाला न वापरता, निव्वळ कोशाच्या पोटातून त्याने ही रचना काढली. मला तर हा या सगळ्या अभ्यासातला सर्वांत देखणा टप्पा वाटतो.

रानपाखरू

मी बरीच वर्षं हाँगकाँगमध्ये आहे, घरात मराठी आणि बाहेर कँटनीज. ज्या ‘ठसक्यां’बद्दल धागाकर्तीने लिहिलंय ते इथे भाजीवालीच्या तोंडी आहेत. ‘एक’ म्हणजे यात्, ‘दहा’ म्हणजे साप्, ‘देश’ म्हणजे ग्वोक्. बीजिंगमध्ये हेच यी, शि, ग्वो. शेपट्या गळून पडल्या. व्हिएतनामीत याच अक्षरांचे उच्चार न्यात्, थाप्, क्वोक्. कोरियनमध्ये इल्, सिप्, गुक्, म्हणजे त् चा नियमाने ल् झालाय, प् आणि क् जागेवर. जपानीत इचि आणि कोकु, तिथे स्वर चिकटवून शेपटी वाचवली. आणि यमककोश उघडावा तर हे तिन्ही शब्द प्रवेश सुरातच सापडतात. चार देशांतल्या लोकांनी आपसात ठरवून तर हे केलं नाही ना? त्यामुळे ‘ही कागदी रचना आहे’ असा सूर लागला की मला पटत नाही.

पण व्हिडिओंवरचा राग मला कळतो, तो मात्र दुसऱ्या कारणाने. 2019 च्या सुरुवातीला चीनमध्ये समाजमाध्यमांवर मोठा गदारोळ झाला होता. दू मूची चार ओळींची एक कविता तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते: थंड डोंगर, तिरकी दगडी वाट, ढगांत दिसणारी घरं, हिवाने लाल झालेली पानं. यमकाचे तीन शब्द: तिरकं, घर, फूल. आजच्या प्रमाण उच्चारात श्ये, ज्या, ह्वा. पहिला जुळत नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या शिक्षक त्या एका ठिकाणी ‘श्ये’ऐवजी ‘श्या’ म्हणायला लावत. मग कळलं की प्रमाणित उच्चार ‘श्ये’च धरतायत, आणि पालक भडकले: आमच्या लहानपणीचा ‘जुना उच्चार’ सरकारने चुकीचा ठरवला!

दुःख खरं आहे. पण ‘श्या’ हा तांगकाळचा उच्चार कधीच नव्हता. कोशाप्रमाणे त्या अक्षराचा आरंभ ‘झ’सारख्या घोष व्यंजनाने. ‘घर’ हा शब्दही ‘ज्या’ नव्हता, त्याचा आरंभ क ने होता; जपानीत आजही ‘का’, कँटनीजमध्ये ‘गा’. म्हणजे एका शब्दाला ठिगळ लावून त्याला प्राचीन म्हणायचं आणि बाकी दोन आजचेच ठेवायचे. कँटनीजमध्येही ही कविता पूर्ण जुळत नाही बरं का: चे, गा, फा. ‘कँटनीज म्हणजेच तांग काळाची भाषा’ असं इथे हाँगकाँगमध्ये अभिमानाने सांगतात, त्यांनाही मी हीच कविता म्हणून दाखवते.

तिसरी घंटा

@रानपाखरू, हा वाद आठशे वर्षं जुना आहे! तांगनंतरच्या सोंग काळात झू शी (1130–1200) हा पंडित ‘काव्यसंहिता’ या प्राचीन काव्यसंग्रहावर भाष्य करताना यमक जुळेना की त्या जागेपुरता उच्चार बदलून घ्यायचा. तेच अक्षर एका कडव्यात एक वाचायचं, दुसऱ्यात दुसरं. 1606 मध्ये छन दीने याला ठाम विरोध केला. त्याचं म्हणणं: काळात जुनं-नवं असतं, प्रदेशात उत्तर-दक्षिण असतं, अक्षरं बदलतात, उच्चार सरकतात. कवीने चूक केलेली नाही, त्याच्या काळी ते जुळतच होतं, बदललोय आपण. आज हे वाक्य साधं वाटतं. ज्या परंपरेत प्राचीन ऋषितुल्य माणसांचे ग्रंथ अढळ मानले जात, तिथे ‘त्यांचा उच्चार आपल्यासारखा नव्हता’ म्हणायला धाडस लागलं. छिंग काळातलं सगळं उच्चारसंशोधन, गू यानवूपासून पुढे, या वाक्याच्या जोरावर झालं.

आजच्या कवींबद्दल: 2019 च्या नोव्हेंबरपासून तिथल्या शिक्षण मंत्रालयाने प्रमाण उच्चारावर आधारित 16 यमकांची नवी यादी प्रायोगिक म्हणून लागू केली, कोशातली यमकं एकत्र करून पुढे रूढ झालेल्या जुन्या 106 यमकांच्या पद्धतीवर बंदी न घालता. जुन्या छंदात लिहिणारे अनेक जण अजून 106 च पाळतात. त्यात ‘दोंग’ (पूर्व) आणि ‘दोंग’ (हिवाळा) ही आज हुबेहूब सारखी ऐकू येणारी दोन अक्षरं वेगवेगळ्या यमकांत आहेत. कान सांगतो जुळलं, कोश सांगतो चुकलं. साम्राज्याच्या परीक्षांत अशा एका चुकीने कविता बाद होत असे.

घाटमाथा

पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो, कारण तो सुटलेला नाही. अनुनासिक यांचा दावा: लू फायानने भेदांची बेरीज केली, म्हणून रचना कृत्रिम. मग छिंग काळातल्या दुआन यूत्साय या अभ्यासकाचं काय करायचं?

आजच्या उच्चारात सारखीच वाटणारी, आणि तांग कवींनीही बिनदिक्कत एकत्र वापरलेली तीन यमकं आहेत: झि, झि आणि झि (लिहायला तीन वेगळी अक्षरं). कोशात ती तीन वेगळी. प्रस्तावनेतच तक्रार आहे की काही लोक यातली यमकं एकच धरतात. यापेक्षा कृत्रिम वाटणारा भेद शोधून सापडणार नाही. दुआन यूत्सायने (1735–1815) ती तीन घेतली आणि प्राचीन ‘काव्यसंहिते’तल्या, म्हणजे लू फायानच्या हजारेक वर्षं आधीच्या, यमकांशी ताडून पाहिली. तिथे तिन्ही वेगळी निघाली. शिवाय अक्षराचा जो घटक उच्चार सुचवतो तोही तीन गटांत वेगवेगळा पडतो. चांगआनच्या मेजवानीत आठ जणांनी कल्पनेने भेद पाडला असता तर तो हजार वर्षं मागच्या लोकगीतांशी जुळला कसा?

याचा अर्थ एकच. त्या रात्री कुणाच्या तरी कानात, कुणाच्या तरी गावच्या बोलण्यात, तो भेद जिवंत होता. कोश खोटं बोलत नव्हता.

अनुनासिक

कोश खोटं बोलतो असं मी एकदाही म्हटलेलं नाही. प्रत्येक भेद कुठल्या ना कुठल्या तोंडातला होता, हे माझ्याही मांडणीत आहे. सगळे भेद एका तोंडात नव्हते, एवढंच म्हणते. दुआनचं उदाहरण माझ्याच बाजूने उभं राहतं. तीन गट वेगळे आहेत हे त्याने शोधलं, पण ते तिन्ही वेगवेगळे कसे उच्चारायचे हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. म्हातारपणी त्याने जियांग यौगाव या तरुण अभ्यासकाला पत्र लिहून विचारलं की हे तीन मुळात वेगळे का होते, तुम्ही सांगू शकाल का. ते ऐकून मेलो तरी भाग्य समजेन. या विषयात याहून प्रामाणिक ओळ मी वाचलेली नाही. पद्धत त्याला वर्ग देत होती, आवाज देत नव्हती. आजच्या व्हिडिओत मात्र आवाज ठणकावून दिला जातो.

आता राजधानीची गोष्ट, जी मघाशी अर्धी राहिली. अमोघवज्र (705–774) हा बौद्ध भिक्षू चांगआनमध्ये संस्कृत मंत्रांची लिप्यंतरं करत होता, आणि मंत्रात उच्चार चुकून चालत नाही, त्यामुळे तो अत्यंत काटेकोर. संस्कृत ‘द’ लिहायला तो कोणतं अक्षर वापरतो? कोशाप्रमाणे ‘ना’ असलेलं! मग खऱ्या ‘न’साठी? शेवटी ङ असलेलं ‘नाङ’, म्हणजे नाकातून निघणारा शेवट घेऊन त्याने अनुनासिक सांभाळलं. याचा अर्थ तिथल्या बोलण्यात शब्दारंभीचा न बराचसा द कडे झुकलेला होता. जपानीत याची पावती मिळते. एकाच अक्षराचे दोन उच्चार: ‘पुरुष’ म्हणजे नान आणि दान, ‘नाही’ म्हणजे मु आणि बु. पहिला आधी गेलेला, दुसरा तांगच्या राजधानीतून शिकून आणलेला. कोशात या बदलाचा मागमूस नाही, 1008 च्या ‘ग्वांगयुन’ या त्याच्या वाढीव आवृत्तीतही नाही, तिथे 206 यमकं आणि 26,194 अक्षरं झाली, पण चौकट तीच. म्हणजे कोशाप्रमाणे ‘नान’ म्हणणारा आजचा निवेदक आठव्या शतकातल्या चांगआनमध्ये गेला तर परगावचा ठरेल. आणि दू मू तर चांगआनचाच, तोही नवव्या शतकातला!

दुसरं असं की सगळ्या चिनी बोली या कोशातून निघाल्या असं धरून चाललं की फुज्यानच्या मिन बोली बसवता येत नाहीत. ‘चहा’चं अक्षर घ्या. कोशाप्रमाणे आरंभ मूर्धन्य घोष स्पर्श. बीजिंगमध्ये त्याचं ‘छा’ झालं, आपला चहा त्याच बाजूचा. मिनमध्ये ते ‘ते’, ज्यातून युरोपातले अनेक शब्द गेले. मिनने कोशाच्याही आधीचा दंत्य उच्चार राखलाय. जेरी नॉर्मन आणि साउथ कॉब्लिन या भाषाशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये हेच मांडलं: कोशाच्या चौकटीत बोली कोंबण्यापेक्षा बोलींपासून सुरुवात करा.

घाटमाथा

चहाचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं. महाराष्ट्राच्या नावातलं ते चौथं अक्षर आणि चहा, दोन्ही एकाच यमकातली. आरंभही एकाच मूर्धन्य वर्गातले, एक महाप्राण, दुसरा घोष. बीजिंगमध्ये दोघांचंही ‘छा’ झालं. फरक फक्त सुराचा राहिला. मूळचे दोन वेगळे आरंभ आज एक झालेत, हे कोशाशिवाय कुणाला कळलं असतं?

बाकी तुमच्या अमोघवज्राला माझं उत्तर ह्युएन त्संगच देतो. गंगेचं जुनं चिनी नाव त्याने ‘चुकीचं’ म्हणून खोडलं आणि नवं लिप्यंतर दिलं. असे ‘जुनं नाव चुकीचं’ शेरे त्याच्या ग्रंथात जागोजागी आहेत. आधीच्यांनी ते लिहिलं तेव्हा मूळ शब्द प्राकृतातून आलेला असेल, चिनी उच्चारही वेगळा असेल. दर शंभर वर्षांनी आवाज बदलत होता हे तर मान्यच. म्हणून काळ सांगून बोला, एवढंच त्यातून निघतं. ‘बोलूच नका’ हे निघत नाही.

तिसरी घंटा

दोघेही एका नावाकडे दुर्लक्ष करताय: चिनी भाषाशास्त्रज्ञ झौ त्सूमो, 1966. त्यांनी छिएयुनची तुलना 543 मध्ये दक्षिणेत झालेल्या ‘युफ्येन’ या शब्दकोशाच्या उच्चारांशी आणि त्या काळातल्या कवींच्या यमकांशी केली. दोन्ही रचना फार जवळच्या निघाल्या. त्यांचा निष्कर्ष: हा सहाव्या शतकातल्या सुशिक्षितांचा वाचनाचा उच्चार आहे, उत्तर-दक्षिणेत थोडाफार फरक असलेला, पण एकसंध. त्याआधी 1949 मध्ये इतिहासकार छन यिनक यांनी त्याची मुळं लोयांगच्या जुन्या दरबारी उच्चारात शोधली होती, जो दरबार चौथ्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत पळाला तेव्हा सोबत गेला. त्यामुळे ‘कुठल्याच तोंडात नव्हतं’ हेही टोक आणि ‘चांगआनची बोली’ हेही टोक. भाषाशास्त्रज्ञ पुलीब्लँकने 1984 मध्ये म्हणूनच दोन थर पाडले: छिएयुनचा आधीचा, आणि यमकतक्त्यांचा नंतरचा, जो तांग राजधानीच्या जवळ जातो. दू मू म्हणायचा असेल तर दुसरा थर वापरावा. बहुतेक व्हिडिओ पहिलाच वापरतात, माझी तक्रार तिथे आहे.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम बॅक्स्टरने 1992 मध्ये स्वतःच्या रोमन लेखनाबद्दल स्पष्ट लिहिलंय की ही पुनर्रचना नव्हे, कोशातले भेद टंकता यावेत म्हणून केलेली सोय आहे. लोक तीच सोय घेतात आणि अक्षरशः वाचून दाखवतात.

रानपाखरू

मग कविता म्हणायचीच नाही का कुणी? मुलांना यमक जुळल्याचा आनंद एकदा तरी मिळायला हवा. मी भाचीला दू मूची कविता जपानी, कोरियन, कँटनीज अशा तिन्ही उच्चारांत यमकाचे शब्द काढून दाखवते. ‘का’ आणि ‘गा’ ऐकल्यावर ‘घर’ शब्दात मुळात क होता हे तिचं तिलाच सुचतं. माझ्या मते शिकवायची हीच रीत. तयार ‘मूळ उच्चार’ पाठ करून घेण्याला माझाही विरोध आहे.

अनुनासिक

म्हणा, जरूर म्हणा. व्हिडिओखाली दोन ओळी असाव्यात: हे 601 च्या यमककोशातल्या भेदांवर आधारलेलं आहे, आणि त्या भेदांना दिलेले आवाज अंदाजाचे आहेत. तेवढं लिहिलं की माझी तक्रार संपली.

घाटमाथा

पहिल्या ओळीला हरकत नाही. दुसरी अशी सरसकट लिहिली तर माझा विरोध राहील. सगळे अंदाज सारख्या तोलाचे नाहीत. शेवटचे प, त, क हे अंदाज नव्हेत, चार भाषा आणि शेकडो लिप्यंतरं साक्ष देतात. मूर्धन्य वर्ग, घोष-अघोष भेद, हेही जवळपास पक्के. दू मूच्या यमकातला स्वर नेमका किती पुढचा होता, तीन ‘झि’ कशा वेगळ्या होत्या, उभ्या चार श्रेणींचा अर्थ काय, सूर किती उंच चढायचा, हे खरे अंदाज. ओळ लिहायचीच तर अक्षरागणिक लिहा, कुठे खात्री आहे आणि कुठे नाही. करायला तयार असेल त्याला चौथ्या अक्षरापर्यंतचं ‘महारट्ठ’ माझ्याकडून भरून देतो.